भीड, बिल आणि माप

धंद्यातला खोटेपणा म्हटलं की बुडालेल्या बँका आणि परदेशी पळालेली माणसं आठवतात. त्यांच्याबद्दल बोलणं सोपं, कारण ती आपण नसतो. हा लेख त्यांच्यासाठी नाही. माणूस अजून दुसऱ्याच साइटवर शिडीवर उभा असताना "निघालाय, पोचेलच" असं सांगणाऱ्यांसाठी तो आहे. "चेक तयार आहे, फक्त सही राहिलीय" म्हणणाऱ्यांसाठी आहे, कोटेशनमध्ये एक वायर लिहून भिंतीत दुसरीच ओढणाऱ्यांसाठी आहे, टॅक्सीच्या पावतीत पन्नास रुपये वाढवणाऱ्यांसाठीही आहे. थोडक्यात, बहुतेकांसाठी.

छोट्या धंद्यांचे हिशेब जवळून पाहिले की एक गोष्ट वारंवार दिसते. यातलं बरंचसं खोटं लोभातून येत नाही, भिडेतून येतं. भाव तोंडावर सांगायची भीड, नाही म्हणायची भीड, स्वतःचेच पैसे मागायची भीड, चूक झाली हे कळवायची भीड. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपण उधारीपुरती वापरतो. पण खोटेपणाशीही तिचं नातं तितकंच जवळचं आहे. सुरुवातीला जे बोलायचं राहून गेलं ते नंतर आडवाटेनं वसूल केलं जातं, आणि त्या आडवाटेला मग आपण ‘धंदा म्हटलं की एवढं चालायचंच’ असं म्हणतो.

म्हणून प्रामाणिक राहायचं असेल तर मनाला उपदेश करण्यापेक्षा अवघड वाक्य लवकर बोलायची सवय जास्त उपयोगी पडते. कुठलं वाक्य, कुणाला, कधी, ते पुढे सांगितलं आहे. काही खोटं मात्र निव्वळ हावेपोटीच असतं. त्यावर भिडेचं पांघरूण घालण्यात अर्थ नाही. त्याचा समाचारही ओघात येईल.

भाव ठरतानाच

फ्लॅटचं वायरिंग करणाऱ्या कंत्राटदाराचं उदाहरण घेऊ. त्याचा हिशेब ८५ हजारांचा येतो. गिऱ्हाईक ७० वर अडून बसतं, "शेजारच्यांचं ६५ मध्ये झालं" असंही ऐकवतं. सत्तरमध्ये हे काम होत नाही हे कंत्राटदाराला पक्कं ठाऊक असतं. तरी तो म्हणतो, "बरं, तुमच्यासाठी करू." त्या क्षणी तो खोटं बोललेला नसतो, फक्त गप्प बसलेला असतो. खोटं पुढच्या पंधरवड्यात भिंतीत जातं. एसीच्या पॉइंटला चार चौरस मिलिमीटरची वायर ओढायची तिथं अडीचची जाते, सॉकेटला अडीचच्या जागी दीडची. पाइप पातळ येतो. अर्थिंगची वायर काही खोल्यांत पोचतच नाही. प्लास्टर आणि रंग झाला की सगळं झाकलं जातं, आणि पाचव्या उन्हाळ्यात बेडरूममधला स्विच तापायला लागतो.

इथं बोलायचं वाक्य असं: "सत्तरमध्येही करू, पण मग काम कमी होईल." भाव उतरवायचा तर काम उतरवा, दर्जा नको. हॉलमधल्या छताची रोषणाई पुढच्या वर्षी, बाल्कनीचे दोन पॉइंट नकोत, अशी यादी समोर ठेवा. कोटेशन नेहमी दोन द्या, एक पूर्ण कामाचं आणि एक कापलेल्या कामाचं. दोन्हींत वायरची कंपनी, जाडी आणि मीटर लिहा. गुंडाळ्यांची रिकामी खोकी आणि दुकानाची बिलं गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय साइटवरून हलवू नका. हे शेवटचं लोकांना जरा अतीच वाटतं. पण एकदा करून पाहा. खोकी मोजून घेणारं गिऱ्हाईक पुढच्या कामाला भाव पाडत नाही.

घासाघीस म्हणजे खोटेपणा का? माझ्या मते नाही. लक्ष्मी रोडवर असो की दादरला, साडीवाल्यानं अठराशे सांगायचे, बाईंनी बाराशे म्हणायचे आणि पंधराशेला सौदा पटायचा, हा खेळ दोघांना माहीत असतो. आपला नफा किती हे दुकानदारानं सांगायची गरज नाही. न सांगणं वेगळं आणि उलटं सांगणं वेगळं. "एवढ्यात परवडत नाही" हे वाक्य चालतं. "आईशप्पथ, माझी खरेदीच चौदाशेची आहे" हे चालत नाही, खरेदी नऊशेची असेल तर. आणि काउंटरवरचा पोरगा ते ऐकत असतो.

त्या पोरग्याकडे आपण फार कमी लक्ष देतो. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे रिसेप्शनवरच्या मुलीकडून रोज वदवून घेणारे मालक वर्षभरानं तक्रार करतात की ही मुलगी आपल्याशीही खोटं बोलते. तिला ते काम आपणच नेमून दिलेलं असतं. तिला दुसरं वाक्य द्या: "ते आत्ता फोनवर येऊ शकत नाहीत. चारनंतर स्वतः फोन करतील." यात कारण सांगितलेलं नाही, खोटंही काही नाही. चारनंतर फोन मात्र करावा लागतो.

तारीख

शिंपी, छापखानेवाले, सुतार, वेबसाइट बनवणारे आणि (प्रामाणिकपणे सांगायचं तर) लेखक, या सगळ्यांचा आवडता शब्द ‘उद्या’. गणपती, दिवाळी आणि लग्नसराई या तीन हंगामांत तर ‘उद्या’ला काही अर्थच उरत नाही. इथं लोभ जेमतेम असतो. आलेलं काम परत पाठवायचा धीर होत नाही, एवढंच.

उपाय तीन पायऱ्यांचा आहे आणि त्यातली मधली पायरी सगळ्यात महत्त्वाची. ऑर्डर घेतानाच हाताशी किती काम आहे ते वहीत पाहून तारीख द्यायची, तोंडी नाही. तारीख चुकणार अशी पहिली शंका येईल त्या दिवशी कळवायचं; द्यायच्या दिवशी कळवणं म्हणजे कळवणं नव्हे. आणि कळवताना नवी तारीख एकदाच, पुरेशी लांबची द्यायची. ब्लाउज मंगळवारी होणार नाही हे शनिवारी कळलं तर बाई दुसरी सोय करतात, चिडतात, पण परत येतात. मंगळवारी संध्याकाळी "काज-बटणच राहिलंय" ऐकलं तर चिडतात आणि परत येत नाहीत.

पैसे देण्याच्या तारखेचंही तसंच. सप्लायरला सात वेळा सात कारणं सांगण्यापेक्षा "या महिन्यात जमणार नाही, १२ तारखेला अर्धे आणि २७ ला उरलेले" हे एक वाक्य सांगायला जड जातं, पण पाळता येतं. शिवाय आता कायद्यानंही कारणं महाग केली आहेत. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही बदल झाला: ही मुदत उलटून वर्षअखेर थकीत राहिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी मिळत नाही, पैसे देऊ त्या वर्षी मिळते. म्हणजे सप्लायरचे दहा लाख मार्चमध्ये अडवून ठेवले तर त्या दहा लाखांवर आधी कर भरायचा. ‘सही राहिलीय’ या वाक्याची ही किंमत.

बिल

"बिल पाहिजे का? बिलाशिवाय घेतलं तर अठरा टक्के वाचतील." हे वाक्य इतकं रुळलं आहे की ते लाच किंवा चोरीच्या रांगेत बसवलं तर लोक हसतात. आणि यात गिऱ्हाईकही निरागस नसतं. निम्म्या वेळा मागणी त्याच्याकडूनच येते.

नियम आधी साफ करू. नोंदणीकृत दुकानदारानं बिल द्यायचंच असतं. विक्री २०० रुपयांच्या आतली असेल आणि गिऱ्हाइकानं बिल मागितलं नसेल तरच वेगळं बिल न देता दिवसअखेर एकत्रित बिल करता येतं. मालाच्या विक्रीत उलाढाल ४० लाखांच्या आत आणि सेवांमध्ये २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात सहसा जीएसटी नोंदणीच लागत नाही. अशा माणसानं जीएसटी लावणंही चूक. कंपोझिशन योजनेतला दुकानदार गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेऊ शकत नाही आणि तसं त्याला बिलावर लिहावं लागतं. ‘जीएसटी एक्स्ट्रा’ म्हणणाऱ्या हॉटेलच्या बिलावर हे वाक्य छापलेलं असेल तर ते बारकाईनं वाचा. आणि ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी काढून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्याच यादीत येतं.

पण नियमाच्या धाकानं कुणी बिल फाडत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून हिशेब सांगतो. कच्च्यात धंदा करणाऱ्याचं पहिलं नुकसान गल्ल्यातच होतं. कुठली विक्री कच्ची आणि कुठली पक्की हे नोकराला मालकाइतकंच माहीत असतं. कच्च्यातले दोन हजार त्यानं खिशात घातले तर तुम्ही पोलिसांत जाणार आहात का? जे पुस्तकात आलंच नाही ते चोरीला गेलं असं कुठे सांगणार? दोन नंबरचा गल्ला हा राखणदार नसलेला गल्ला असतो.

दुसरं नुकसान बँकेत. छोट्या उद्योगांना खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरवताना अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के हा हिशेब नायक समितीपासून चालत आला आहे. तुमची खरी उलाढाल एक कोटी आहे आणि पुस्तकात ६० लाख दिसते. बँकेचा मॅनेजर पुस्तक बघतो, दुकानातली गर्दी नाही. वीसच्या जागी बारा लाखांची मर्यादा मिळते. उरलेले आठ लाख मग खासगीत दरमहा दोन-तीन टक्क्यांनी उचलले जातात, आणि ‘वाचवलेला’ कर तिकडून निघून जातो. हे गणित मांडून दाखवल्यावर मालक गप्प होतो. तो रागावलेला असतो हे खरं, पण बहुतेकदा स्वतःवर नाही, बँकेवर.

बिलाशिवाय मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं? लांबलचक नकार नको. "बिलाशिवाय माल आमच्याकडे निघत नाही. वॉरंटीला बिल लागतं, तुमच्याच उपयोगाचं आहे." एवढं पुरे. काही गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातील. त्यांना जाऊ द्या.

माप

मापात पाप हे आपल्या बाजारातलं सगळ्यात जुनं खोटं, आणि इथं भिडेचा काही संबंध नाही. हजार रुपये किलोच्या काजूकतलीबरोबर साठ ग्रॅमचं खोकं तोललं की गिऱ्हाईक साठ रुपयांचा पुठ्ठा विकत घेतं. दिवाळीच्या आठवड्यात हजार खोकी गेली तर किती झाले ते ज्याचं त्यानं काढावं. काट्यावर रिकामं खोकं ठेवून शून्य करायचं बटण असतं. ते दाबायला एक सेकंद लागतो.

इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दर वर्षी आणि वजनांची दर दोन वर्षांनी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. प्रमाणपत्र लावाच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे काट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवणं. नवा नोकर ठेवताना पहिल्या दिवशी त्याला भाव शिकवू नका, काटा शून्य करायला शिकवा.

दुधाच्या पिशवीवर किंवा पाण्याच्या बाटलीवर ‘कूलिंग’ म्हणून रुपया-दोन रुपये जास्त घेणं हा त्याचाच धाकटा भाऊ. छापील किमतीत सगळे कर आले, आणि थंड करून देण्याबद्दल वर काही मागता येत नाही. दुधावरचं कमिशन तुटपुंजं आहे आणि फ्रिजचं वीजबिल खरं आहे, हे दुकानदाराचं गाऱ्हाणं मला पटतं. पण ते वितरकाशी भांडायचं गाऱ्हाणं आहे. पहाटे दूध घ्यायला आलेल्या आजोबांकडून वसूल करायचं नाही. घरपोच देत असाल तर त्याचे पैसे आधी सांगून वेगळे घ्या. लोक देतात.

कट

डॉक्टरनं लॅबकडून, आर्किटेक्टनं टाइल्सच्या दुकानाकडून, इंटिरियरवाल्यानं प्लायवूडवाल्याकडून, परचेस ऑफिसरनं सप्लायरकडून. नावं निराळी: कट, कमिशन, पर्सेंटेज, दिवाळीचं पाकीट. काम एकच, ज्याच्या वतीनं निवड करायची त्याच्या नकळत निवडीचे पैसे घेणं. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देण्या-घेण्यावर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत बंदी आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये माजी पोलिस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीनं कट प्रॅक्टिसविरोधी स्वतंत्र कायद्याचा मसुदाही केला होता. तरी नवी पॅथॉलॉजी लॅब टाकणाऱ्या मुलीला गावात पहिला प्रश्न अजून ‘कट किती देणार?’ हाच विचारला जातो.

तिला काय सल्ला द्यायचा? कट न देता लॅब चालते, पण पहिली दोन-तीन वर्षं हात आखडूनच चालते, हे आधी मान्य करावं. मशीन कर्जावर मोठं घेऊ नये, कारण हप्त्याचा दाब आला की तत्त्व आधी विकलं जातं. कटसाठी जाणारी रक्कम तपासणीच्या दरातून कमी करून तो दर दाराबाहेर लावावा. जे डॉक्टर कट घेत नाहीत त्यांना रिपोर्ट वेळेवर द्यावा आणि शंकास्पद निकालाचा फोन स्वतः करावा. असे डॉक्टर प्रत्येक तालुक्याच्या गावात असतात. तेही अशी लॅब शोधतच असतात.

इंटिरियर आणि बांधकामातल्या मंडळींसाठी सोपी वाट आहे, कारण इथं गुप्तता हाच खरा दोष. फीच्या पत्रात एक ओळ घाला: "दुकानदारांकडून मला मिळणारी सूट किंवा कमिशन ग्राहकाच्या बिलातून वजा होईल." मग फी वाढवून मागा. इथंही मूळ भीडच होती. दहा टक्के फी मागायची लाज वाटली म्हणून पाच मागितली आणि उरलेले पाच प्लायवूडमधून काढले. ग्राहकाला मात्र प्लायवूड महाग पडलं आणि निवडही त्याची राहिली नाही.

पाकीट आलंच तर? साहेबांना मोकळेपणी सांगता येईल तेवढंच ठेवा. मिठाईचा डबा सेक्शनमध्ये वाटून खाता येतो. सोन्याचं नाणं वाटता येत नाही, ते दुसऱ्याच दिवशी परत करा, पत्रासह.

कागदावरचे आकडे

भोसरी किंवा चाकणला जॉबवर्क करणाऱ्या कुठल्याही छोट्या युनिटमध्ये जा. मालाबरोबर तपासणी अहवाल द्यावा लागतो. पाच नगांची मापं मायक्रोमीटरनं घ्यायची आणि रकान्यात भरायची. गाडी दाराशी उभी असते, पाचपैकी दोन नग खरोखर मोजलेले असतात आणि उरलेले तीन आकडे पोरगा टॉलरन्सच्या आत बसतील असे मनानं भरतो. आकडे अगदी सारखे दिसू नयेत म्हणून एखादा मायक्रॉन इकडे-तिकडे करण्याची अक्कलही त्याला असते. माल चांगलाच असतो, शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काहीही बिघडत नाही. घोर तिथंच आहे.

जपानची कोबे स्टील ही नावाजलेली कंपनी. ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाचे तपासणीचे आकडे बदलून तो ग्राहकांना पाठवला जात होता, हे तिनं ऑक्टोबर २०१७ मध्ये मान्य केलं. असा माल घेतलेल्या कंपन्या पाचशेहून अधिक निघाल्या. मोटारी, विमानं, रेल्वे बनवणाऱ्या. पुढच्या चौकशीत असे प्रकार १९७० च्या दशकापर्यंत मागे गेलेले आढळले. माल मागणीच्या निकषात थोडासा बसत नाही, ग्राहकाची तक्रार येत नाही, मुदत मात्र डोक्यावर आहे, अशा वेळी आकडा सरळ करायचा. पिढ्या बदलल्या, रीत तीच राहिली.

‘थोडासा’ हा शब्द हिशेबातही तसाच वागतो. मार्चचं टार्गेट भरायला ३१ तारखेला माल वितरकाच्या नावे काढायचा आणि एप्रिलमध्ये परत घ्यायचा, हे सेल्समधल्या मंडळींना सांगायला नको. पुढच्या मार्चला तेवढाच खड्डा अधिक नवं टार्गेट असं दोन्ही भरावं लागतं. ‘सत्यम कॉम्प्युटर’च्या रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्रानं कबुली दिली तेव्हा पुस्तकात दाखवलेल्या रोख आणि बँकशिलकीतले ५,०४० कोटी रुपये नव्हतेच. खरा आणि दाखवलेला नफा यांतली तफावत सुरुवातीला किरकोळ होती, असं त्यांनीच त्या पत्रात म्हटलं होतं. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो.

छोट्या युनिटनं काय करावं? पाच नग मोजायला वेळ नसेल तर ग्राहकाशी बोलून दोन नगांचा अहवाल ठरवून घ्यावा. दोन खरे आकडे पाच सजवलेल्यांपेक्षा बरे. माप बाहेर गेलं असेल तर माल पाठवण्याआधी फोन करून ‘डेव्हिएशन’ची लेखी मंजुरी मागावी. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी फॉर्म असतो आणि जोडणीला अडचण नसेल तर मंजुरी मिळतेही. न विचारता पाठवलेला तोच माल लाइनवर सापडला की पूर्ण लॉट परत येतो आणि पुढचं वर्षभर प्रत्येक खोकं उघडून पाहिलं जातं.

नोकरीत

नोकरदारांचं खोटं लहान असतं, पण त्याचे कागद आता बोलायला लागले आहेत. आईवडिलांच्या नावानं भाड्याच्या पावत्या फाडताना ध्यानात ठेवा की वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि ते उत्पन्न त्यांच्या विवरणपत्रात नसेल तर जुळणी संगणकच करतो. आईवडिलांना खरोखर भाडं द्या, बँकेतून द्या, त्यांना ते दाखवू द्या; मग ते खोटं उरतच नाही. बायोडेटात एखादी मधली नोकरी गाळायची किंवा महिने वाढवायचे, तर भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकाला जोडून पूर्वीच्या नोकऱ्यांच्या तारखा असतात. मधलं एक वर्ष घरी होतो हे मुलाखतीत सांगायला अवघड आहे. रुजू झाल्यावर पडताळणीत निघणं त्याहून अवघड.

फिरतीच्या बिलांबद्दल मात्र मला नोकरांपेक्षा मालकांना दोन शब्द सांगायचे आहेत. माल उतरवताना वाराई द्यावी लागते, हमालाला चहापाणी द्यावं लागतं, गेटवर कुणी पावती देत नाही. तुमचं अकाउंट्स खातं पावतीशिवाय पैसे सोडत नाही. मग ड्रायव्हर ते तीनशे रुपये डिझेलच्या किंवा जेवणाच्या बिलात घालतो. पहिल्या वेळी त्याचे गेलेले पैसेच तो परत मिळवत असतो. सहाव्या वेळी हात सैल झालेला असतो. ‘विनापावती खर्च’ असं एक व्हाउचर छापा, मर्यादा ठरवा, सहीवर पैसे द्या. किंवा फिरतीचा ठोक भत्ता द्या आणि पावत्या मागणंच सोडा.

सोय बदलली की वागणं बदलतं, स्वभाव सुधारण्याची वाट पाहावी लागत नाही. किराणा दुकानात सुट्ट्या पैशांऐवजी हातावर चॉकलेट ठेवायची पद्धत किती वर्षं होती! ग्राहक मंचांनी ओरडून जे झालं नाही ते यूपीआय आल्यावर बरंचसं झालं. उलट ऑफिसात ‘प्रामाणिकपणा हेच सर्वोत्तम धोरण’ अशा पाट्या लावून आणि दर जानेवारीला शपथा घेऊन काय होतं, याबद्दल मी साशंक आहे. फॉर्मच्या शेवटी नव्हे तर सुरुवातीलाच ‘माहिती खरी देईन’ अशी सही घेतली तर लोक कमी खोटं बोलतात, असं सांगणारा अमेरिकी संशोधकांचा एक निबंध २०१२ मध्ये फार गाजला होता. त्याच संशोधकांनी २०२० मध्ये प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. २०२१ मध्ये तर मूळ निबंधातल्या एका प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचं निघालं आणि निबंध मागे घ्यावा लागला. प्रामाणिकपणावरचाच निबंध! यावर वेगळं भाष्य नको.

साहेबच खोटं लिहायला सांगत असतील तर? वाद घालू नका, लेखी विचारा. "आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे ३१ तारखेचं बिल करतो, पण माल ४ तारखेला निघेल. असंच करायचं ना?" एवढा मेल पुरतो. बहुतेक वेळा उत्तर येत नाही, आणि आदेशही मागे पडतो. उत्तरात ‘हो’ आलं तर तो मेल जपून ठेवा आणि दुसरी नोकरी बघायला लागा. ज्या कागदावर तुमची सही आहे त्याचा जाब तुम्हालाच विचारला जातो. सांगणारा बदली होऊन गेलेला असतो.

मागचं निस्तरायचं असेल तर

पुष्कळ जण ‘आतापासून सरळ’ असं ठरवतात आणि मागच्या वह्यांमुळे अडतात. गिऱ्हाइकाशी झालेली चूक असेल तर त्याच दिवशी सांगावी: काय झालं, त्याचं किती नुकसान, आपण काय भरून देणार, या क्रमानं. कारणं शेवटी, विचारली तर. जास्त आलेले पैसे न मागता परत करावेत. चुकून दोनदा आलेलं पेमेंट ‘पुढच्या बिलात वळतं करू’ म्हणून ठेवून घेणं हीसुद्धा उसनवारीच, फक्त न विचारता केलेली.

करांच्या बाबतीत वाट आहे. जीएसटी कमी भरला असेल तर नोटिशीची वाट न पाहता डीआरसी-०३ या फॉर्मनं स्वतःहून व्याजासह भरता येतो. आयकराचं अद्ययावत विवरणपत्र संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत भरता येतं. फक्त त्यात कर आणि व्याजावर जादा रक्कम पडते: पहिल्या वर्षात २५ टक्के, मग ५०, ६० आणि चौथ्या वर्षी ७०. छापा किंवा सर्वेक्षण झालं की साधारणपणे हे दार बंद होतं. त्यामुळे सगळ्यात जुनं वर्ष आधी हाती घ्या, त्याची मुदत आधी संपते. आणि सीएकडे जाताना आठवणीतले आकडे नकोत, कच्च्या वह्याच घेऊन जा.